भजनी मंडळ, बैठक आणि दोन माईक: कंडेन्सरची जुळलेली जोडी कशी निवडावी

स्टीरिओ रेकॉर्डिंगसाठी कंडेन्सर माईकची जोडी घ्यायची ठरली की मला पहिला प्रश्न येतो तो असा: "ताई, मॅच्ड पेअरच (कारखान्यातच जुळवून दिलेली जोडी) घ्यायची, की एकाच मॉडेलचे दोन सुटे घेतले तरी चालतील?" प्रश्न योग्य आहे, पण त्याआधी दुसरा एक विचारायला हवा. हा माईक तिरका आलेला आवाज कसा पकडतो? स्टीरिओमध्ये तुमचा मुख्य गायक दोन्हींपैकी एकाही माईकच्या थेट समोर नसतो, म्हणून हा प्रश्न आधी.

दोन माईक लावायची ओआरटीएफ पद्धत घ्या. फ्रेंच रेडिओने १९६०च्या सुमारास ती बसवली आणि बैठकीच्या गाण्याला मी बहुतेक वेळा तीच लावते. दोन कार्डिऑइड (समोरचा आवाज जास्त आणि मागचा फार कमी घेणारे) माईक, दोघांच्या कॅप्सूलमध्ये, म्हणजे आवाज टिपणाऱ्या भागांमध्ये, १७ सेंटिमीटर अंतर आणि दोघांमध्ये ११० अंशांचा कोन. म्हणजे प्रत्येक माईक मध्यापासून ५५ अंश बाहेर वळलेला. मधोमध बसलेली गायिका दोघांनाही ५५ अंश तिरकी, आणि उजव्या टोकाचा टाळकरी मात्र उजव्या माईकच्या थेट तोंडावर. आता माईक असा असेल की समोरून स्वच्छ पण बाजूने दबका, तर रेकॉर्डिंगमध्ये टाळ चकचकीत आणि गळा घोंगडीआड गेल्यासारखा येतो. नंतर ईक्यूने (पट्टीनुसार आवाज कमी-जास्त करण्याच्या सोयीने) वरचे स्वर उचलायला जावं तर टाळ आणखी टोचतात. खोक्यावर छापलेला आलेख बहुधा शून्य अंशावरचा, म्हणजे थेट समोरून आलेल्या आवाजाचा असतो. ओआरटीएफमध्ये तो आलेख टाळकऱ्याला लागू, गायिकेला नाही.

यासाठी लहान पडद्याचे (आवाजाने थरथरतो तो कॅप्सूलमधला पडदा) माईक घ्या, ज्यांना पेन्सिल माईक म्हणतात ते. १० किलोहर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी साधारण साडेतीन सेंटिमीटर असते. एक इंची, म्हणजे २५ मिलिमीटरचा पडदा त्या मापाच्या जवळ जातो, आणि तिरक्या आलेल्या वरच्या स्वरांना त्यावर मार बसतो. अर्ध्या इंचाच्या पडद्याला हा त्रास बराच कमी. मोठ्या पडद्याचा स्वतःचा सुस्कारा कमी असतो हे खरं, एकट्या गळ्यासाठी तो मलाही आवडतो. पण जोडी करून मंडळासमोर उभी करायची तर लहानच.

माहितीपत्रकात गोल जाळीसारखा पोलर आलेख असतो, म्हणजे कुठल्या कोनातून आवाज किती पकडला जातो ते दाखवणारा, तो शोधा. त्यात १ किलोहर्ट्झ, ४, ८, १६ अशा वेगवेगळ्या रेषा असतात. मध्यापासून दोन्हीकडे ६० अंशांपर्यंत या रेषा जितक्या एकमेकींवर बसतील तितका माईक स्टीरिओला चांगला. १६ची रेषा थोडी आत येणारच, पण ८ची रेषा ४५ अंशांवरच खाली कोसळत असेल तर तो माईक सोडून द्या, भले किंमत कितीही मोहात पाडो. हा आलेख कंपनीने दिलेलाच नसेल, तर मी त्या माईकचा विचार करत नाही.

आता जुळणीकडे येऊ. दोन माईक दोन बाबतींत जुळायला हवेत. एक, संवेदनशीलता: सारख्याच आवाजाला दोघांनी सारखंच व्होल्टेज द्यावं. चांगल्या जोडीत हा फरक १ डेसिबलच्या आत असतो. हा फरक असला तरी घाबरू नका, गेनची (माईकचा आवाज वाढवण्याची) कळ फिरवून तो भरून निघतो. दुसरी बाब अवघड आहे. खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्यांत दोघांचा स्वभाव सारखा हवा. एक माईक ३ किलोहर्ट्झला थोडा पुढे आणि दुसरा ८ला पुढे असेल, तर हार्मोनिअमचा एक स्वर किंचित डावीकडे आणि दुसरा किंचित उजवीकडे ऐकू येतो. गायिका हललेली नसते, तरी तिचे 'स' आणि 'श' बाजूला सरकतात. ऐकणाऱ्याला नेमकं काय चुकतंय ते सांगता येत नाही, पण कान थकतो. हे गेनने सुटत नाही. जुळलेल्या जोडीचे जास्तीचे पैसे खरे यासाठी द्यायचे.

मग सुटे दोन घेतले तर? चांगल्या कारखान्यात उत्पादनातला फरकच इतका कमी राखतात की एकाच मॉडेलचे कुठलेही दोन माईक जवळजवळ जुळलेले निघतात. न्यूमनचा केएम १८४ त्यातला. याउलट अगदी स्वस्त माईकांत 'मॅच्ड पेअर' छापलेलं असतं, पण किती डेसिबलच्या आत आणि कुठल्या पट्टीपर्यंत, हे कुठेच लिहिलेलं नसतं. त्या छापापेक्षा स्वतःच्या कानांवर आणि खाली सांगितलेल्या चाचणीवर विश्वास ठेवा. लागोपाठचे सीरियल नंबर म्हणजेही जुळणीची खात्री नव्हे.

काही नावं सांगते. रोड एनटी५ची जोडी बहुतेकांच्या आवाक्यात येणारी, अर्ध्या इंची कॅप्सूल, सेल्फ नॉईज (माईकचा स्वतःचा सुस्कारा) १६ डेसिबल. एसई इलेक्ट्रॉनिक्सचा एसई८ त्याहून शांत, १३ डेसिबल, शिवाय त्यावर पॅड (मोठा आवाज आतच कमी करणारं) आणि लो-कट (खालची घुमी कापणारं) अशी बटणं आहेत. पखवाज आणि झांजा एकत्र असतील तेव्हा या पॅडचा फार उपयोग होतो. लाईन ऑडिओ या छोट्या स्वीडिश कंपनीचा सीएम४ रुंद कार्डिऑइड आहे, बाजूचा आवाज तो फार प्रामाणिकपणे घेतो. मंडळासाठी मला तो मनापासून आवडतो. रशियातल्या 'तुला' नावाच्या शहरातल्या ओक्तावा कंपनीचा एमके-०१२ घेतला तर कॅप्सूल बदलता येते, कार्डिऑइड काढून ओम्नी (सगळ्या बाजूंचा आवाज सारखा घेणारी) लावता येते. पण त्याच्या बनावट प्रतीही फिरतात, तेव्हा तो खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्या. केएम १८४ला ९ किलोहर्ट्झच्या आसपास हलकी चमक आहे. सतार आणि संतूरला ती गोड लागते, टाळांना मी ती टाळते.

टाळांचा मुद्दा आमच्या भागात फार महत्त्वाचा आहे. इथून पंढरपूर जवळ, त्यामुळे सोलापुरात रेकॉर्डिंग म्हटलं की निम्म्या वेळा समोर वारकरी भजनच असतं. पूर्व भागात तेलुगू भजनं होतात, लिंगायत घरांतून कन्नड वचनं गायली जातात, तिथेही झांजा, चिपळ्या आल्याच. म्हणून नमुना ऐकताना फक्त गळा ऐकू नका. वरच्या पट्टीत उठाव दिलेला माईक दुकानात दोन मिनिटं 'क्लिअर' वाटतो आणि दोन तासांच्या भजनात डोकं उठवतो. ज्या माईकचा आलेख वरती सपाट राहतो किंवा किंचित उतरतो, तो टाळांच्या संगतीला बरा.

सेल्फ नॉईजच्या आकड्यामागे किती धावायचं हे तुमच्या खोलीवर ठरवा. एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ला टेकतो तेव्हा पंखा बंद करून कोणी दोन तास गाऊ शकत नाही. पंखा चालू असलेली खोली सहज ४० डेसिबलच्या वर असते, तिथे १३ आणि १६ डेसिबलच्या माईकमधला फरक कोणालाही ऐकू येणार नाही. ते पैसे चांगला उंच स्टँड आणि स्टीरिओ बारवर घाला. पण पहाटे, पंखे बंद करून, दोन मीटरवरून तानपुरा टिपायचा असेल तर शांत माईक लागतोच. २०च्या वरचा माईक मी अशा कामाला घेत नाही. अशोक चौकाच्या बाजूला किंवा अक्कलकोट रोडला घर असेल तर यंत्रमागांची खडखड कुठल्याही माईकने जाणार नाही. तिथे माग बंद असण्याची वेळ विचारून रेकॉर्डिंग ठेवा.

आता चाचणी. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी जोडी पुण्या-मुंबईहून किंवा ऑनलाइन मागवली आहे, म्हणजे ती आधी हाताळायला मिळत नाही. म्हणून परत करण्याची मुदत असेल तिथूनच घ्या, आणि खोकं उघडल्या दिवशीच पुढचं करून बघा.

दोन्ही माईक एका स्टँडवर, एकावर एक, कॅप्सूल जवळजवळ चिकटतील असे लावा. दोघांची तोंडं एकाच दिशेला. ४८ व्होल्ट फँटम पॉवर (केबलमधूनच माईकला मिळणारी वीज) द्या आणि पाच-दहा मिनिटं तापू द्या. मीटरभर अंतरावर, दोन्ही कॅप्सूलच्या मधोमध येईल अशा उंचीवर एका माणसाला बोलायला बसवा. दोन ट्रॅक घ्या, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे पॅन करा आणि हेडफोनवर ऐका. बोलणं कपाळाच्या मधोमध एका बिंदूत बसायला हवं. एका बाजूला झुकत असेल तर आधी गेन सारखा करा. तरीही 'स', 'च' ही अक्षरं वेगळ्या जागेवरून आणि 'म', 'ओ' वेगळ्या जागेवरून आले, तर जोडी जुळलेली नाही.

त्यानंतर त्याच माणसाच्या हातात किल्ल्यांचा जुडगा किंवा चिपळ्या द्या आणि त्याला वाजवत माईकभोवती फिरायला सांगा. दोन्ही माईकची तोंडं एकीकडेच असल्याने तो ९० अंशांवर गेला किंवा मागे गेला तरी आवाज मध्येच राहायला हवा, फक्त बारीक व्हावा. ही पायरी कोणी करत नाही, आणि समोरून जुळलेली पण बाजूने भांडणारी जोडी नेमकी इथेच उघडी पडते.

तिसरी पायरी मोजमापाची. एका ट्रॅकची पोलॅरिटी उलटी करा (म्हणजे त्याची लहर उलटी होते आणि सारखा आवाज एकमेकांना खोडतो), दोन्ही ट्रॅक मध्यावर आणून एकत्र वाजवा आणि एकाचा फेडर (पातळीची सरकती कळ) हळूहळू हलवत आवाज कमीत कमी होईल ती जागा शोधा. दोघांत १ डेसिबलचा फरक असला तर उरलेला आवाज एका माईकच्या आवाजापेक्षा साधारण १९ डेसिबल खाली असतो. फरक ०.१वर आणला तर जवळपास ३९ डेसिबल खाली जायला हवा. प्रत्यक्षात खोलीचे पडसाद इतकं खाली जाऊ देत नाहीत. बोलणं दूरच्या कुजबुजीएवढं झालं तर जोडी चांगली समजा. वरचा सुसकार थोडा राहणारच, कारण दोन कॅप्सूल एकाच जागी बसू शकत नाहीत. पण शब्द स्पष्ट कळत असतील तर शंका घ्या.

शंका आली की लगेच माईकला दोष देऊ नका. केबल माईकलाच राहू द्या आणि इंटरफेसवरची (माईक संगणकाला जोडणाऱ्या पेटीवरची) टोकं आपसात बदला. दोष उडी मारून दुसऱ्या चॅनेलवर गेला तर तो माईकचा किंवा केबलचा, जागेवरच राहिला तर इंटरफेसच्या प्रीअँपचा (माईकचा आवाज वाढवणाऱ्या भागाचा). स्वस्त इंटरफेसच्या दोन गेन कळा एकाच आकड्यावर ठेवल्या तरी सारखा गेन देतीलच असं नाही. चांगली जोडी यापायी परत गेलेली मी पाहिली आहे.

कार्डिऑइड की ओम्नी, हा निर्णय जागेवर सोपवा. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या सभागृहात किंवा जुन्या वाड्याच्या लाकडी माडीवर ओम्नीची जोडी दीडेक फूट अंतराने लावली तर तानपुऱ्याचा खर्ज जसा भरतो तसा कार्डिऑइडने भरत नाही, कारण लांब गेल्यावर कार्डिऑइडचा खालचा आवाज गळतो. पण स्लॅबच्या बारा बाय पंधराच्या खोलीत ओम्नी लावलात तर गाण्यापेक्षा भिंतीच जास्त रेकॉर्ड होतील. पहिलीच जोडी असेल तर कार्डिऑइड घ्या, शक्यतो कॅप्सूल बदलता येणारी. आणि त्या खोलीत माईकच्या मागच्या भिंतीपासून वीतभर पुढे दोरीवर आपल्या जाडजूड सोलापुरी चादरी चुण्या पाडून टांगा. वरच्या पट्टीतला खणखणाट निश्चित कमी होतो. खालची घुमी चादरीने जात नाही, त्यासाठी मंडळाला कोपऱ्यातून बाहेर बसवा.

माईक लावताना वादक जवळ ओढायला बघतात. परवाच एक पखवाजवाले काका म्हणाले, "जवळ लावा की ओ ताई, लांबून काय येणार आवाज?" त्यांना मी हेडफोन लावून दोन जागांचा फरक ऐकवला. अर्धवर्तुळात बसलेल्या मंडळासाठी दोन मीटर पुढे आणि दोन-सव्वादोन मीटर उंच, तोंड किंचित खाली, इथून सुरुवात करा. टाळकरी दोन्ही टोकांना असतील तर त्यांना फूटभर मागे सरकवा, म्हणजे माईकच्या तोंडावर असूनही ते गायिकेला झाकणार नाहीत.

जुनी जोडी घेत असाल तर एखादी कॅप्सूल बदलली आहे का, हे थेट विचारा. बदललेली असेल तर जुळणी मोडली असं धरूनच किंमत करा. पावसाळ्यात सर्द हवेत कंडेन्सर तडतडतो, म्हणून डबीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. मागांच्या भागात हवेत सुताचं तूस तरंगतं, ते जाळीवर बसतं. दोन गाण्यांच्या मध्ये माईक स्टँडवरच राहणार असतील तर त्यांवर कापडी पिशव्या घाला. एकाला लाल आणि एकाला निळा धागा बांधा, लाल नेहमी डावीकडे.

पहिल्या दिवशीच्या चाचणीची फाईल पुसू नका. तारीख, माईकची उंची आणि गेनच्या कळांची जागा लिहून ठेवा, आणि दरवर्षी पावसाळा सरल्यावर, संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेच्या कामांआधी, तीच चाचणी तशीच पुन्हा करून दोन फाईली शेजारी शेजारी ऐका. एखादी कॅप्सूल उतरायला लागली असेल तर ती इथे आधी कळते, कार्यक्रमात नाही.