शॉर्ट-थ्रो प्रोजेक्टर घेण्याआधी: घरच्या फ्लाइट सिम्युलेटरची तयारी

घरच्या सिम्युलेटरसाठी खरेदी करताना शॉर्ट-थ्रो, म्हणजे कमी अंतरावरून मोठं चित्र टाकणाऱ्या, प्रोजेक्टरचा नंबर सगळ्यात शेवटी लावा. आधी डोळा, मग पडदा, मग कोन, मग लेन्सची जागा. एवढं कागदावर उतरलं की मॉडेलांची लांबलचक यादी आपोआप चार-पाच नावांवर येते. उलट्या क्रमाने गेलात तर सवलतीत हाती लागलेल्या यंत्राभोवती खोली रचत बसावं लागतं.

खुर्ची तिच्या कायमच्या जागी ठेवा, हात योकवर (विमानाच्या सुकाणूवर) घ्या आणि डोळे जमिनीपासून किती उंचीवर येतात ते दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्या. पडद्यावरचं क्षितिज याच उंचीवर येणार. पडदा गोलाईचा असेल तर त्या वर्तुळाचं केंद्रही इथेच. कॉकपिट दोन आसनांचं असेल तर केंद्र कुणाच्या डोक्यावर धरायचं हे आत्ताच ठरवा. पडदा दोन मीटरवर आणि तुम्ही केंद्रापासून अर्धा मीटर बाजूला बसलात, तर नाकासमोरची धावपट्टी सुमारे १४ अंश सरकलेली दिसते. व्यावसायिक सिम्युलेटरमध्ये मोठ्या वक्र आरशातून चित्र अनंत अंतरावर असल्यासारखं दाखवतात, म्हणून तिथे दोन्ही वैमानिकांना धावपट्टी सरळ दिसते. घरच्या साध्या पडद्याला ते जमत नाही. बहुतेक वेळ एकटेच उडवत असाल तर केंद्र बेधडक स्वतःच्या डोक्यावर धरा. पाहुण्याला थोडं तिरकं दिसलं तरी चालेल.

आता कोन. अमेरिकेच्या एफएए या विमान-नियामक संस्थेच्या नियमांत सर्वोच्च दर्जाच्या सिम्युलेटरला किमान १७६ अंश आडवं आणि ३६ अंश उभं दृश्य लागतं. घरी एवढं हवंच असं नाही, पण सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीच्या चौकोनी फेरीत) बेस लेगवरून, म्हणजे उतरण्याआधीच्या आडव्या टप्प्यावरून, धावपट्टी खिडकीतून शोधायची असेल तर बाजूचं दृश्य लागतंच. नुसतं इन्स्ट्रुमेंट फ्लाइंग, म्हणजे बाहेर न पाहता उपकरणांवरून उड्डाण, करायचं असेल तर सपाट पडदा आणि एक प्रोजेक्टर पुरेसा आहे. तुमचं काम इथेच निम्मं झालं.

बाकीच्यांनी दोन मीटर त्रिज्येचा पडदा आणि १८० अंश धरून माझ्याबरोबर हिशेब करावा. तीन प्रोजेक्टर, शेजारच्या दोघांची चित्रं दहा-दहा अंश एकमेकांवर चढलेली, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ६७ अंश. एवढ्या चापाची जीवा २.२ मीटर, आणि पडदा या जीवेच्या मागे ३३ सेंटिमीटर खोल जातो. थ्रो रेशो म्हणजे अंतर भागिले चित्राची रुंदी. ०.५ रेशोची लेन्स जीवेपासून १.१ मीटरवर, म्हणजे पडद्याच्या खोल भागापासून १.४३ मीटरवर येते: तुमच्या डोक्याच्या अर्ध्या मीटरहून थोडी पुढे, छताला. ०.८ रेशोची लेन्स जवळजवळ थेट डोक्यावर. आणि १.५ रेशोचा साधा प्रोजेक्टर डोक्याच्या दीड मीटरहून जास्त मागे, जिथून तुमची आणि कॉकपिटच्या छपराची सावली पडद्यावर पडते. शॉर्ट-थ्रोचा सगळा खटाटोप या सावलीपायी आहे.

मग भिंतीच्या अगदी जवळून चित्र टाकणारा अल्ट्रा शॉर्ट-थ्रोच का नाही, असा प्रश्न येतोच. सपाट भिंतीसाठी ते उत्तम. गोल पडद्यावर मात्र त्याचा प्रकाश इतका तिरका पडतो की पडद्याची खोली बदलली की चित्र लगेच वरखाली ताणलं जातं, आणि फोकस एका ठिकाणी जमवला की दुसरीकडे सुटतो. माझं मत स्पष्ट आहे: गोलाईसाठी ०.५ ते ०.८ यांच्या दरम्यान राहा. ऑप्टोमाचा जीटी१०८० (०.४९) आणि बेनक्यूचा टीएच६७१एसटी (०.६९ ते ०.८३) ही या पट्ट्याच्या दोन टोकांची उदाहरणं. जागा असेल तर ०.८ कडे झुका. कारण लेन्स जितकी जवळ, तितकं चित्र मधल्या खोल भागात जास्त फुगतं आणि कापावं लागतं. वरच्या हिशेबात ०.५ ला मधल्या उंचीतले जवळपास एक चतुर्थांश पिक्सेल वाया जातात, ०.८ ला सुमारे एक षष्ठांश.

मॉडेलच्या पुस्तिकेत ऑफसेटचा आकडा शोधा. शॉर्ट-थ्रोला सहसा लेन्स शिफ्ट, म्हणजे यंत्र न हलवता चित्र सरकवण्याची सोय, नसतं. उलटं टांगल्यावर चित्र लेन्सच्या किती खाली सुरू होतं (हाच ऑफसेट) हे कारखान्यातच ठरलेलं असतं. तो आकडा, छताची उंची आणि डोळ्याची उंची एकाच उभ्या छेदात काढून पाहा. जुळत नसेल तर कीस्टोनवर, म्हणजे तिरकं पडलेलं चित्र यंत्रातच चौकोनी करण्याच्या सोयीवर, भिस्त ठेवू नका. त्यात पिक्सेलही जातात, आणि काही यंत्रांत चित्र उशिरा येतं. वाकवणं आणि कडा मिसळणं संगणकातल्या वॉर्पिंग सॉफ्टवेअरवर सोडा, आणि सिम्युलेटरमध्ये तीन वेगळ्या कोनांच्या खिडक्या उघडता येतात का ते आधी तपासा. एकच रुंद सपाट दृश्य ताणून भागत नाही: मध्यापासून ६० अंशांवर ते चौपट ताणलेलं असतं.

रिझोल्यूशनचा निर्णय धावपट्टीवरून घ्या. पंचेचाळीस मीटर रुंद धावपट्टी पाच किलोमीटरवरून जेमतेम अर्धा अंश भरते. १९२० पिक्सेल ६७ अंशांत पसरले तर तिच्या वाट्याला पंधराएक येतात, फोर-केमध्ये तीस. फरक खरा आहे, पण तीन फोर-के चित्रं रंगवणारं ग्राफिक्स कार्ड तुमच्याकडे आहे का?

लुमेनच्या, म्हणजे उजेडाच्या आकड्याच्या, मागे धावू नका. अंधाऱ्या खोलीत, या मापाच्या पडद्यावर हजार खरे लुमेनसुद्धा चित्रपटगृहापेक्षा उजळ दिसतात. काळा किती काळा दिसतो हे जास्त महत्त्वाचं. जिथे दोन चित्रं चढतात तिथे दोन्ही यंत्रांचा अपुरा काळा मिळून रात्रीच्या उड्डाणात दुप्पट राखाडी पट्टा उमटतो, आणि सॉफ्टवेअर तो पुसू शकत नाही. चित्राप्रमाणे उजेड आपोआप कमी-जास्त करणाऱ्या ऑटो आयरिससारख्या सोयी बंद करता येतात ना, हे पाहून ठेवा, नाहीतर तीन यंत्रं तीन वेगळ्या उजेडात जातील. पडद्याला चमकदार रंग नको. फिकट मॅट राखाडी हवा, कारण गोलाईत एका बाजूचा उजेड दुसऱ्या बाजूवर सांडतो.

तिन्ही यंत्रं एकाच मॉडेलची आणि एकदमच घ्या. दिव्याची असतील तर दिवेही एकत्र बदला. लेझर असेल तर ही कटकट बरीच कमी. इनपुट लॅग (संगणकाकडून चित्र आल्यापासून ते पडद्यावर दिसेपर्यंतचा उशीर) गेम मोडमधला वाचा. हेलिकॉप्टर घिरट्यांवर धरणाऱ्याला तो पहिल्यांदा जाणवतो.

खोलीचंही पाहा. तीन यंत्रं मिळून एका छोट्या हीटरएवढी उष्णता सोडू शकतात, आणि छताजवळची हवा आधीच गरम असते. फोर-केला लांब तांब्याची एचडीएमआय केबल दगा देते, ऑप्टिकल घ्या. प्रत्येक केबलवर ईडीआयडी एम्युलेटर, म्हणजे प्रोजेक्टर जोडलेलाच आहे असं संगणकाला भासवणारा छोटा जोड, बसवा. नाहीतर एक प्रोजेक्टर उशिरा सुरू झाला की विंडोज पडद्यांचा क्रम बदलतं, आणि डावा पंख उजवीकडे दिसतो.