सरकारी एआय मसुद्यावर हरकती-सूचना कशा पाठवायच्या

एआयबद्दल सरकार काय करतंय हे आपल्याला बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या हेडलाइनमधून कळतं, "आता एआय व्हिडिओवर बंदी" वगैरे, दोन दिवस चर्चा होते आणि विषय संपतो. पण त्या हेडलाइनच्या मागे एक पीडीएफ असते, बऱ्याचदा मोजक्याच पानांची, आणि सोबतच्या नोटिशीत लिहिलेलं असतं की अमुक तारखेपर्यंत सूचना पाठवा. महापालिका वॉर्डरचनेवर किंवा शहराच्या विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवते ना, तसंच हे, फक्त मागवणारं दिल्लीतलं मंत्रालय असतं आणि मुदत कळेपर्यंत संपलेली असते.

आधी बघायचं की हातातला कागद कोणत्या जातीचा आहे. भारतात एआयसाठी वेगळा कायदा नाही. युरोपियन युनियनने केलाय, 1 ऑगस्ट 2024 ला तो अमलात आला, टप्प्याटप्प्याने लागू होतोय आणि सगळ्यात गंभीर उल्लंघनाला साडेतीन कोटी युरो किंवा जगभरच्या उलाढालीच्या 7 टक्के, यातलं जे जास्त असेल तिथपर्यंत दंड. अमेरिकेत बायडननी ऑक्टोबर 2023 मध्ये आदेश काढला आणि ट्रम्पनी 20 जानेवारी 2025 ला, शपथ घेतली त्याच दिवशी, तो रद्द केला. आपली पद्धत वेगळी, जुना 2000 चा आयटी कायदा आहे, त्याखाली 2021 चे नियम आहेत, त्यात दुरुस्त्या करत राहायचं आणि जोडीला अ‍ॅडव्हायजरी (मंत्रालयाचं सल्लावजा पत्र) नि गाइडलाइन्स (मार्गदर्शक सूत्रं) काढायच्या. त्यामुळे "नवीन कायदा आला" असं कोणी म्हणालं की पहिला प्रश्न हाच, की बाबा कायदा, नियम, गाइडलाइन का अ‍ॅडव्हायजरी?

अ‍ॅडव्हायजरी किती अधांतरी असते याचं उदाहरण मार्च 2024 मधलं. 1 तारखेला आयटी मंत्रालयाने प्लॅटफॉर्मना सांगितलं की चाचणी सुरू असलेलं किंवा भरवशाचं नसलेलं एआय मॉडेल भारतात लोकांसमोर आणायचं तर आधी सरकारची परवानगी घ्या. स्टार्टअपवाल्यांनी डोकं धरलं, मंत्र्यांना खुलासा करावा लागला, आणि 15 तारखेला नवी अ‍ॅडव्हायजरी आली त्यात परवानगीची अट गायब. दोन आठवड्यांत! कायद्यात एवढ्या पटकन काही होत नाही, म्हणून अ‍ॅडव्हायजरी वाचली की घाबरायचं नाही पण बोलायला उशीरही करायचा नाही.

गाइडलाइन्स म्हणजे 5 नोव्हेंबर 2025 ला आलेल्या इंडिया एआय गव्हर्नन्स गाइडलाइन्स, आयआयटी मद्रासच्या प्रा. बलरामन रवींद्रन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने केलेल्या. त्यात सात सूत्रं आहेत आणि लोक ती पानं "हां हां, विश्वास, समानता, उत्तरदायित्व" म्हणत उलटून टाकतात. तसं करू नका. त्यातलं एक सूत्र सरळ म्हणतं की रोखण्यापेक्षा नव्या शोधांना प्राधान्य. म्हणजे उद्या एखाद्या नियमात नागरिकाचं नुकसान आणि कंपनीची सोय समोरासमोर आली तर सरकारचा कल कुठे असेल हे तिथे आधीच लिहून ठेवलंय. नैतिकता म्हणतात ती अशा अग्रक्रमात असते, पुढच्या छान छान परिच्छेदांमध्ये नाही (हे माझं मत).

आता हे कागद शोधायचे कुठे. आयटी मंत्रालयाची वेबसाइट आणि मायगव्ह (लोकांचं म्हणणं मागवणारं केंद्राचं पोर्टल) हे दोन पत्ते मुख्य, अंतिम नियम ई-राजपत्रात फुकट मिळतात, आणि पत्र सूचना कार्यालय मराठीतही प्रेस नोट काढतं ती सोपी असते पण तिच्यावर विसंबायचं नाही, मूळ पीडीएफ उघडायचीच. फक्त आयटी मंत्रालयच बघत बसू नका. तुम्ही लेखक-प्रकाशक असाल तर तुमच्या कामाचा कागद दुसऱ्याच खात्यातून आला होता, डिसेंबर 2025 मध्ये डीपीआयआयटीने, म्हणजे केंद्राच्या उद्योग खात्याने, कॉपीराइटवर वर्किंग पेपर (चर्चेसाठीचा प्रस्ताव) काढला की एआय कंपन्यांना पुस्तकं, लेख, गाणी मॉडेल शिकवायला वापरू द्यायची, निर्मात्याला नाही म्हणता येणार नाही, पण रॉयल्टी मिळेल. मराठी लेखकांमध्ये यावर जेवढी बोंब व्हायला हवी होती तेवढी मला तरी ऐकू आली नाही. आणि शेतीत असाल तर राज्याकडे बघा, महाराष्ट्राने 2025 ते 2029 साठी महाअ‍ॅग्री-एआय धोरण केलंय, पहिल्या तीन वर्षांना 500 कोटी रुपये.

पीडीएफ उघडली की प्रस्तावना सोडा, व्याख्या वाचा. सगळी भानगड व्याख्येत असते. 22 ऑक्टोबर 2025 ला डीपफेकवरचा, म्हणजे एआयने केलेल्या पण खऱ्या वाटणाऱ्या व्हिडिओ-ऑडिओवरचा, मसुदा आला, आयटी नियमांत दुरुस्ती करणारा. हेडलाइन होती लेबलची, की एआयने केलेल्या व्हिडिओवर किमान 10 टक्के जागेत लेबल हवं आणि ऑडिओत सुरुवातीच्या 10 टक्के वेळात. पण व्याख्या अशी होती की कॉम्प्युटरने तयार केलेली किंवा बदललेली आणि खरी वाटेल अशी माहिती. "बदललेली" या एका शब्दात फोटोचा उजेड वाढवणंसुद्धा बसतं! व्याख्या झाली की तीन गोष्टी शोधा: जबाबदारी कोणावर टाकलीय, किती तासांत काय करायचंय आणि नाही केलं तर काय होणार. त्यात "शक्य तितकं", "योग्य ते" असे शब्द दिसले की तिथे खूण करा, कारण उद्या त्याचा अर्थ कोण लावणार हा प्रश्न असतो.

मुदतही बघा. 2014 चं केंद्राचं धोरण सांगतं की कायदे-नियमांचा मसुदा किमान 30 दिवस लोकांसमोर ठेवावा. या डीपफेकच्या मसुद्याला आधी 6 नोव्हेंबरची तारीख होती, म्हणजे जेमतेम पंधरवडा आणि त्यातही दिवाळीचे दिवस, मग ती 13 पर्यंत वाढवली. मुदतवाढ मागणारं दोन ओळींचं मेलसुद्धा उपयोगाचं असतं, ते पहिल्याच दिवशी टाकून द्यायचं.

लिहायचं कसं, तर "एआय धोकादायक आहे, कडक पावलं उचला" असलं काही नको, ते वाचणाऱ्या अधिकाऱ्याला त्याचं काहीच करता येत नाही. नियम क्रमांक, त्यातली अडचण, तुमच्या धंद्यातलं उदाहरण आणि बदलून हवी असलेली ओळ. बस. समजा तुम्ही लग्नाचं शूटिंग करता, तर वरच्या मसुद्यावर असं लिहिता आलं असतं:

"व्याख्येत 'बदललेली' माहिती येते. आम्ही व्हिडिओचे रंग सुधारतो, मागचा जनरेटरचा आवाज काढतो, हे काम आता सॉफ्टवेअरमधलं एआयच करतं. यात कोणाची फसवणूक होत नाही तरी लेबल लावावं लागेल. व्याख्येखाली अशी ओळ घालावी: मूळ आशयाचा अर्थ न बदलणारं नेहमीचं एडिटिंग यात धरलं जाणार नाही."

एवढं पुरतं. मराठीत लिहा पण खाली इंग्रजी भाषांतर जोडा, फाइल दिल्लीत फिरणार असते. एकच मजकूर शंभर जणांनी चिकटवून पाठवण्यापेक्षा पाच जणांनी आपापलं उदाहरण द्यावं असं मला वाटतं. आणि स्वतःची कॉपी ठेवा, कारण डेटा संरक्षण नियमांच्या मसुद्याच्या वेळी, जानेवारी 2025 मध्ये, सरकारने आधीच सांगितलं होतं की आलेल्या सूचना उघड केल्या जाणार नाहीत. अमेरिकेने त्याच वर्षी एआय आराखड्यावर सूचना मागवल्या, 10 हजारांवर आल्या आणि सगळ्या लोकांसमोर ठेवल्या. युरोपियन कमिशनच्या पोर्टलवरही कोणी काय लिहिलं ते दिसतं. तुमच्यापैकी जे तिकडे राहतात त्यांनी तिथलं वाचून इकडे मुद्दे कळवले तरी खूप मदत होईल.

आता खरंच काही बदलतं का? डीपफेकचे अंतिम नियम 10 फेब्रुवारी 2026 ला निघाले, 20 पासून लागू. त्यात 10 टक्क्यांची अट गेली, नुसतं ठळक दिसेल असं लेबल राहिलं, आणि नेहमीच्या एडिटिंगला सूट मिळाली. म्हणजे बदललं. पण त्याच नियमांत दुसरी एक गोष्ट आली, सरकारचा किंवा कोर्टाचा आदेश आल्यावर मजकूर काढायला आधी 36 तास होते ते 3 तास झाले, आणि हे ऑक्टोबरच्या मसुद्यात नव्हतंच, त्यामुळे त्यावर हरकत घ्यायची संधीच कोणाला मिळाली नाही. म्हणून अंतिम नियम आले की मसुदा शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून बघायची, सगळ्यात महत्त्वाचं तिथेच सापडतं.

असं काही सापडलं तर दोन रस्ते. आयटी कायद्याखालचे नियम संसदेच्या दोन्ही सभागृहांसमोर ठेवावे लागतात आणि दोन्ही सभागृहांचं एकमत झालं तर त्यात बदल होऊ शकतो, तेव्हा तुमच्या खासदाराला नियम क्रमांकासकट पत्र द्या, प्रश्न तयार करूनच द्या म्हणजे त्यांच्या ऑफिसला सोपं जातं. दुसरा आरटीआय, ऑनलाइन 10 रुपये, 30 दिवसांत उत्तर यायला हवं. "हा निर्णय का घेतला" असं विचारू नका, टाळतात. किती सूचना आल्या, त्यात मजकूर काढायची मुदत कमी करा म्हणणाऱ्या किती, आणि या बदलाची फाइल नोटिंग (अधिकाऱ्यांनी फाइलवर लिहिलेले शेरे) द्या, असं कागदच मागा.