भात सोडू नका: बॉक्सिंग आणि वेटलिफ्टिंग एकत्र करणाऱ्यांसाठी

जिम चालू असताना बॉक्सिंग किंवा ज्युदो लावलं की पहिल्या काही आठवड्यांतच बरीच पोरं सुकतात. खांदे उतरतात, स्क्वॉटचं वजन खाली येतं, मग धावतपळत पावडरचा डबा आणतात. रत्नागिरीत आमच्याकडे नवीन येणाऱ्याला मी आधी विचारतो, "भात बंद केलास?" उत्तर बहुतेकदा "हो."

गोची तिथेच आहे. पॅडवर्क (समोरच्याने धरलेल्या पॅडवर ठोसे), स्पारिंग (सरावाची लढत) हे मुख्यतः कर्बोदकांवर चालतं. ती तोडली, त्यात एकूण खाणंही कमी पडलं, की शरीर स्नायूंमधली प्रथिनं जाळायला घेतं. म्हणून आधी पोटभर जेवण, मग प्रथिनांचा हिशोब: वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.६ ते २ ग्रॅम. ७० किलोच्या माणसाला ११२ ते १४०, तीन-चार वेळांत वाटून.

बांगड्याच्या १०० ग्रॅम मांसात साधारण १९-२० ग्रॅम प्रथिनं मिळतात. पण मिरकरवाड्यावरून (रत्नागिरीचं मासळी बंदर) पाव किलो आणलात तर डोकं, आतडी, काटा गेल्यावर ताटात त्याच्या निम्म्याच्या आसपास उरतं, हे धरून चाला. तारली स्वस्त आणि तितकीच कामाची. सुरमई फोटोत बरी दिसते, एवढंच. कुळीथ पौष्टिक खरे, पण वाटीभर पिठीत पीठ जातं दोन-तीन चमचे, म्हणजे प्रथिनं जेमतेम एका अंड्याएवढी. पिठी-भातावर दिवस काढणाऱ्याने सोबत अंडी किंवा उसळ घ्यावीच.

स्पारिंगच्या दोन-अडीच तास आधी उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून, वर एखादं केळं. आपल्याकडच्या दमट हवेत घामावाटे मीठ भरपूर जातं, ते पेजेतून भरून निघतं. नारळाच्या वाटणाचा रस्सा आणि सोलकढी नंतर. ती पिऊन रिंगमध्ये उतरलात तर पोटावरचा पहिलाच ठोसा लक्षात राहील.

खरी परीक्षा पावसात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, पाठोपाठ श्रावण. आगोटीची बेगमी (पावसाआधीची साठवण) करताना सुकट, सोडे (सुकी कोळंबी) जास्त भरून ठेवा. श्रावणात घरात अंडंही येत नसेल तर काळ्या वाटाण्याची उसळ, दही आणि सोयाबीनच्या वड्या. ५० ग्रॅम कोरड्या वड्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं असतात. चव नाही, पण मालवणी मसाल्यात खपून जातात.

स्पर्धेसाठी वजन उतरवायचं असेल तर आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का, त्याहून घाई नको. तेव्हाही प्रथिनं तेवढीच ठेवा, कात्री तेल-नारळाला लावा आणि जड लिफ्ट्स सोडू नका. खारवलेला सुका बांगडा मात्र वजन देण्याआधी तीन-चार दिवस बंद. त्यातल्या मिठाने शरीर पाणी धरून ठेवतं आणि काट्यावर उगाच अर्धा-एक किलो जास्त दिसतं.