सीरियल पोर्टच्या या चुका टाळा: उन्हाळ्यात चालतो, थंडीत अडकतो

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या पॅनेलवर मे महिन्यात मॉडबस आरटीयूचा (सीरियल तारेवरून सेन्सर-मीटर वाचायच्या पद्धतीचा) प्रोग्राम चढवला, सेन्सर पूर्ण अंशांत ४१ दाखवतोय, सगळं सुरळीत. जानेवारीच्या पहाटे पारा १९ वर आला की तोच प्रोग्राम गप्प. मग केबल बदला, यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर बदला. दोष बहुतेक वेळा लिनक्सच्या पोर्ट सेटिंगमध्ये असतो.

१९ म्हणजे हेक्समध्ये १३, आणि सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोलमध्ये (डेटातल्याच खास बाइटने पाठवणं थांबवायच्या-चालू करायच्या सोयीत) या बाइटचा अर्थ 'थांब'. पोर्ट टर्मिनलच्या मूळ सेटिंगवर राहिला असेल तर हा बाइट मधेच गिळला जातो. सीआरसी, म्हणजे निरोपाच्या शेवटची तपासणी-बेरीज, जुळत नाही, वर आपली पुढची क्वेरीही (सेन्सरला विचारणाही) बाहेर पडत नाही. १७ म्हणजे 'चालू कर', तोही गायब. साधा (हेक्स नव्हे) १३ आला तर त्याचा १० होतो. पाठवतानाही तीच गत: १० रजिस्टर (दोन-दोन बाइटची मापं) मागितले की त्या १० च्या आधी एक १३ घुसतो, आठ बाइटची क्वेरी नऊची होते आणि स्लेव्ह, म्हणजे समोरचा सेन्सर किंवा मीटर, उत्तरच देत नाही. ९ मागितले तर देतो!

सी मध्ये लिहिताना कॅनॉनिकल मोड (ओळ-ओळ वाचणं) आणि इको (आलेलं परत पाठवणं) बंद करून थांबू नका. आयएक्सऑन (थांब-चालू बाइट), आयसीआरएनएल (१३ चा १०), ओपोस्ट (पाठवतानाचे बदल) हेही काढा, म्हणजे पोर्ट पूर्ण 'रॉ', बाइट जसेच्या तसे सोडणारा, करा. प्रोग्राम चालू असताना पोर्टची सेटिंग दाखवणाऱ्या एसटीटीवाय कमांडने बघा, या तिन्ही नावांआधी वजा चिन्ह दिसलं पाहिजे. पायथनची पायसीरियल लायब्ररी हे आपणहून करते.

दुसरी चूक, एका रीडमध्ये अख्खी फ्रेम (पूर्ण उत्तर) मिळेल असं धरणं. १० रजिस्टरांचं उत्तर २५ बाइटचं. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट), एका बाइटला अकरा बिटांच्या हिशेबाने, साधारण २९ मिलिसेकंद, आणि यूएसबी कन्व्हर्टर ते तुकड्यातुकड्यांनी देतो. आधी तीन बाइट वाचा. दुसऱ्या बाइटमधल्या फंक्शन कोडात (काय करायचं तो आकडा) १२८ मिळवलेले दिसले तर ते चुकीचं उत्तर आहे आणि पाचच बाइटचं आहे. २५ ची वाट बघत बसलात तर टाइमआउट होईल आणि 'पत्ता चुकीचा' हा स्लेव्हचा सरळ निरोप, एक्सेप्शन ०२, कचऱ्यात जाईल. तो बहुधा माहितीपत्रकात ४०००१ लिहिलेल्या पहिल्या रजिस्टरसाठी ० ऐवजी १ पाठवल्याने आलेला असतो.

आरएस-४८५ या दोन तारांच्या वायरिंगचं थोडक्यात: १२० ओहमचा रेझिस्टर लाइनच्या फक्त दोन टोकांना, प्रत्येक मीटरवर नाही. ए आणि बी ही त्या दोन तारांची नावं सगळ्या कंपन्यांची जुळत नाहीत. काहीच येत नसेल तर दोन्ही तारा उलटून बघा.