वस्तऱ्याचं पाणी बघायला शिका

आजोबांची धोकटी माझ्याकडे आली, तेव्हा तिच्यात जर्मनीतल्या सोलिंगेन शहरातला एक वस्तरा होता, बोथट झालेला. आता सलूनमध्ये गिऱ्हाइकागणिक नवं ब्लेड लावतात आणि ते योग्यच आहे. पण स्वतःची दाढी स्वतःच्या वस्तऱ्याने करायची, तर तो पाजळताही आला पाहिजे.

दगड तीन लागतात: १०००, ४००० आणि ८००० नंबरचे, म्हणजे खरखरीतापासून बारीकापर्यंत. आधी दगडावर पेन्सिलने रेघा मारा आणि काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर तो घासा. सगळ्या रेघा गेल्या की दगड सपाट झाला.

कोन मोजत बसू नका, तो पात्याची जाड पाठच ठरवून देते. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवायच्या आणि धार पुढे करून न्यायचं. दगड अरुंद असेल तर टाचेपासून, म्हणजे मुठीकडच्या बाजूपासून, टोकापर्यंत तिरकं सरकवा, म्हणजे सगळी धार दगडावरून जाईल.

माझा पहिला महिना दाबण्यात गेला. वस्तऱ्याचं पातं दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेलं असतं आणि धारेजवळ अगदी पातळ होतं. दाबलं की ते लवतं आणि धार एकसारखी लागत नाही. "दाबू नको रे, नुसतं ने," असं आजोबा म्हणायचे. मला ते कळलं पाण्यामुळे. दगडावर पाण्याचा पातळ थर ठेवून वस्तरा सावकाश पुढे न्या आणि धारेच्या पुढ्यात बघा. जिथे धार नीट टेकली आहे तिथे पाणी पात्यावर चढतं. जिथे टेकली नाही तिथे ते धारेखाली शिरतं. एवढं दिसू लागलं की हात आपोआप हलका होतो. आवाजही ऐका: सुरुवातीची खरखर हळूहळू मऊ आणि एकसारखी होते.

१००० च्या दगडावर घाई करू नका, खरं काम तिथेच होतं. दिव्याखाली धार समोरून बघा. कुठे चकाकणारी रेघ दिसली तर ती जागा अजून बोथट आहे. मनगटाजवळचे केस कातडीलगत सहज उतरू लागल्यावरच पुढचा दगड घ्या. ४००० वर फार वेळ लागत नाही. ८००० वर नुसतं वस्तऱ्याचं वजन पुरतं. तिथे दगड पात्याला किंचित धरून ठेवतोय असं बोटांना जाणवतं.

मग चामड्याचा पट्टा. इथे दिशा उलटी: पाठ पुढे, धार मागे. पट्टा ताणून धरा, सैल राहिला तर धार गोल होते. वळताना वस्तरा पाठीवरच फिरवा. मी एकदा धारेवर फिरवला आणि पट्टा बोटभर चिरला गेला. पन्नास फेऱ्या, सावकाश.

पहिली दाढी फक्त गालांची, केसांच्या दिशेने करा. हनुवटीला आठवडाभर हात लावू नका. झाल्यावर पातं कोरडं पुसून तेलाचा बारीक हात फिरवा, पोलादी धार ओलीने लगेच गंजते.