वर्गण्यांचा हिशेब ठेवताना या चुका टाळा

नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यांच्या घरखर्चाचा हिशेब मांडून देण्याचे काम मी अनेक वर्षे करत आलो आहे. किराणा, दूध, वीज यांचे आकडे बहुतेकांना तोंडपाठ असतात. पण खात्यातून दरमहा आपोआप वळत्या होणाऱ्या वर्गण्यांची, म्हणजे अ‍ॅप आणि इतर सेवांच्या सबस्क्रिप्शनची, बेरीज विचारली की अंदाज सांगितला जातो आणि तो जवळजवळ नेहमीच कमी निघतो.

सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे अ‍ॅप मोबाइलमधून काढून टाकले की वर्गणी बंद झाली, असे मानणे. माझ्या सासऱ्यांनी योगासनांचे एक अ‍ॅप एक रुपयात आठवडाभर वापरून पाहण्यासाठी घेतले होते. पैसे भरताना त्यांनी यूपीआय पिन टाकला, पण त्याच पडद्यावर पुढे दरमहा २९९ रुपये घेण्याची परवानगी मागितली होती, तिकडे त्यांचे लक्ष गेले नाही. चार दिवसांत अ‍ॅप आवडेनासे झाले, ते त्यांनी काढून टाकले, आणि पुढे फोनही बदलला. विवरणपत्र भरण्यासाठी मी त्यांच्या पेन्शनच्या खात्याचे स्टेटमेंट घेऊन बसलो, तेव्हा त्याच नावाच्या १४ नोंदी सापडल्या. म्हणजे ४,१८६ रुपये गेले होते. पैसे वळते होण्याआधी दर वेळी संदेश आला होता, पण जाहिरात समजून त्यांनी तो उघडलाच नाही. गेलेली रक्कम परत मिळाली नाही. त्या दिवशी त्यांचा उतरलेला चेहरा माझ्या अजून लक्षात आहे, म्हणूनच हा मुद्दा मी इतक्या विस्ताराने लिहितो आहे.

पैसे कापण्याची परवानगी, म्हणजे मँडेट, अ‍ॅपमध्ये नव्हे तर तुमच्या बँक खात्याशी किंवा कार्डाशी जोडलेले असते. त्यामुळे फोन बदलल्याने त्याला काहीही होत नाही. यूपीआय अ‍ॅपमधील ‘ऑटोपे’ या भागात चालू मँडेट दिसतात आणि तेथेच ती रद्द करता येतात. गूगल प्ले किंवा अ‍ॅपलमार्फत घेतलेली वर्गणी त्यांच्या सबस्क्रिप्शनच्या यादीत जाऊन बंद करावी लागते. मी दोन्ही ठिकाणी पाहतो: आधी सेवेतील सदस्यत्व रद्द करतो, मग मँडेट. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अशा वजावटीची सूचना किमान २४ तास आधी मिळणे बंधनकारक आहे. ती सूचना वाचायला अर्धे मिनिट पुरते, आणि तेवढाही धीर नसेल तर ऑटोपे सुरूच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक २८ दिवसांच्या रिचार्जला महिन्याचा खर्च समजण्याची. वर्षात असे १३ रिचार्ज होतात. ३०० रुपयांचा रिचार्ज असेल तर वर्षाला ३,६०० नव्हे, ३,९०० रुपये लागतात. जानेवारी २०२२ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने प्रत्येक मोबाइल कंपनीला ३० दिवसांचा किमान एक प्लॅन ठेवणे बंधनकारक केले, पण तो मागणारे मला फारसे भेटत नाहीत.

रिचार्जसोबत ओटीटी मिळत असताना त्याच सेवेचे वेगळे पैसे भरणेही अनेक घरांत चालू असते. मुलाने आणि वडिलांनी एकच सेवा स्वतंत्रपणे घेतल्याचेही मी पाहिले आहे.

वार्षिक वर्गणी स्वस्त पडते म्हणून पहिल्याच आठवड्यात घेणाऱ्यांना मी आवर्जून थांबवतो. जिमपासून भाषा शिकवणाऱ्या अ‍ॅपपर्यंत कोणतीही सेवा तीन महिने मासिक दराने वापरावी आणि सवय टिकली तरच वर्षाचे पैसे भरावेत. ते भरल्यावर रकमेचा बारावा भाग दरमहा बाजूला काढावा. १,४९९ रुपयांसाठी हे १२५ रुपये होतात. असे न केल्यास नूतनीकरणाच्या महिन्यात अंदाजपत्रक कोलमडते आणि दोष मात्र त्या महिन्यातील किराण्याला दिला जातो.

हिशेबासाठी आणखी एक वर्गणीचे अ‍ॅप घेण्याचा सल्ला मी देत नाही. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर पाच रकाने आहेत: सेवेचे नाव, रक्कम, तारीख, कोणत्या खात्यातून जाते, आणि वर्षाची एकूण रक्कम. शेवटचा रकाना हाताने भरताना गुणाकार करावा लागतो, आणि नको असलेल्या सेवा तेव्हाच लक्षात येतात. वार्षिक नोंदी मी लाल शाईने लिहितो आणि नूतनीकरणाच्या दहा दिवस आधीची तारीख शेजारी टाकतो.

सर्व ऑटोपे मी थोडी शिल्लक असलेल्या एका वेगळ्या खात्याला जोडले आहेत. विम्याचे हप्ते आणि कर्जाचे हप्ते मात्र त्या खात्यावर कधीही ठेवू नयेत, कारण शिल्लक कमी पडून हप्ता चुकला तर दंड भरावा लागतो.