गेम बनवणारा स्टुडिओ कसा उभा करावा आणि कसा टिकवावा

स्वतःचा गेम स्टुडिओ काढायचा म्हटले की बहुतेक जण नाव, लोगो आणि व्हिजिटिंग कार्डापासून सुरुवात करतात. कागदोपत्री कंपनी दोन-तीन आठवड्यांत उभी राहते. तिच्याकडे विकण्याजोगा, शेवटपर्यंत खेळता येईल असा गेम यायला मात्र दोन-तीन वर्षे लागू शकतात, आणि या मधल्या काळात पैसे, माणसे किंवा उमेद यांपैकी काहीतरी आधी संपल्यामुळे अनेक स्टुडिओ बंद पडतात. पुढील मार्गदर्शन या मधल्या काळासाठी आहे. संगणकासाठी किंवा मोबाइलसाठी स्वतःच्या कल्पनेवरचा गेम बनवू पाहणारी दोन ते पाच जणांची मंडळी येथे गृहीत धरली आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमचा विचार यात नाही. त्यांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने बंदी आणली आहे.

पहिली पायरी: एक लहान गेम पूर्ण करा

तीन महिन्यांची मुदत ठरवा आणि एकाच कल्पनेवरचा, अर्ध्या तासात संपणारा गेम बनवा. त्यात सुरुवातीचा मेनू, आवाज कमी-जास्त करण्याची सोय, खेळ जिथे थांबवला तिथूनच पुन्हा सुरू होण्याची व्यवस्था, शेवट आणि श्रेयनामावली हे सर्व असले पाहिजे. उडी मारणारे पात्र दोन दिवसांत तयार होते, पण मध्येच फोन आला तर खेळ थांबतो का, परतल्यावर संगीत दोनदा वाजू लागते का, मराठीत लिहिलेला 'किल्ला' पडद्यावर नीट उमटतो की वेलांटी 'क'च्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते, हे सारे निस्तरण्यात आठवडे जातात. (वेलांटीचे दुखणे खरे आहे. गेम बनवण्याच्या तयार सॉफ्टवेअरला इंजिन म्हणतात. त्यांपैकी युनिटीमध्ये अक्षरे दाखवण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या टेक्स्टमेशप्रोला देवनागरीची अक्षरजुळणी आपोआप जमत नाही, गोडो ४ या इंजिनाला जमते. मराठी गेम करणाऱ्यांनी इंजिन निवडण्यापूर्वी ही चाचणी घ्यावी.) आपल्या मंडळींना शेवटचे हे किचकट काम झेपते का, हे कळण्याचा दुसरा मार्ग मला माहीत नाही.

इंजिन निवडताना तांत्रिक गुणांइतकाच परवाना वाचणे महत्त्वाचे आहे. गोडो पूर्णपणे मोफत आणि खुल्या परवान्याचे आहे. अनरीलमध्ये एखाद्या गेमचे एकूण उत्पन्न दहा लाख डॉलरच्या पुढे गेल्यावर वरच्या रकमेवर साधारणपणे ५ टक्के रॉयल्टी द्यावी लागते. युनिटीने सप्टेंबर २०२३ मध्ये गेमच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क आकारण्याची घोषणा केली, जगभर ओरड झाली आणि वर्षभराने ती योजना मागे घेतली गेली. पण तोवर अर्धवट झालेले गेम घेऊन बसलेल्या लहान स्टुडिओंचे हिशेब विस्कटले होते. परवान्याची ज्या दिवशीची प्रत तुम्ही मान्य केली, ती जपून ठेवा.

दुसरी पायरी: नोकरी करत असाल तर आधी करारपत्र काढून वाचा

आपल्याकडे स्टुडिओ काढणारे बरेच जण आधी परदेशी कंपन्यांची कामे करून देणाऱ्या कंपनीत नोकरीला असतात आणि रात्री स्वतःचा गेम बनवतात. यातला धोका कळण्यासाठी सुमारे ३५ वर्षांपूर्वीचे एक उदाहरण पाहावे. १९९० च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्यातल्या श्रीव्हपोर्ट येथील सॉफ्टडिस्क या कंपनीत काम करणाऱ्या जॉन कार्मॅक आणि टॉम हॉल यांनी एका रात्रीत सुपर मारिओ ब्रदर्स ३ च्या पहिल्या टप्प्याची हुबेहूब नक्कल साध्या पीसीवर उतरवली आणि सकाळी सहकारी जॉन रोमेरो यांच्या टेबलावर फ्लॉपी ठेवून दिली. पडदा इतका सहज सरकणारा गेम तेव्हा पीसीवर कोणी पाहिला नव्हता. या मंडळींनी त्या तंत्रावर कमांडर कीन हा गेम बनवला, तो १४ डिसेंबर १९९० रोजी बाजारात आला, आणि १ फेब्रुवारी १९९१ ला इड सॉफ्टवेअर ही कंपनी उभी राहिली. मात्र गेम बनवताना त्यांनी सुट्टीच्या दिवशी कंपनीचेच संगणक घरी नेऊन वापरले होते. मालकाला हे समजल्यावर प्रकरण तडजोडीवर मिटले आणि नव्या कंपनीला पुढे काही काळ सॉफ्टडिस्कसाठी गेम बनवून द्यावे लागले. त्यांचे नशीब बलवत्तर होते. आजच्या नियुक्तिपत्रांत 'नोकरीच्या काळात केलेले सर्व काम कंपनीचे' अशा अर्थाचे कलम सर्रास असते. म्हणून कंपनीचा लॅपटॉप, ईमेल, सॉफ्टवेअरचा परवाना किंवा कार्यालयीन वेळ यांतले काहीही आपल्या गेमला लावू नका आणि कोडची तारीखवार नोंद गिटमध्ये (कोडमधला प्रत्येक बदल जपणाऱ्या साधनात) पहिल्या दिवसापासून स्वतःच्या खात्यावर ठेवा.

तिसरी पायरी: हक्क लिहून घ्या

मैत्रीत कागद कशाला, हा विचार स्टुडिओला सर्वांत महागात पडतो. संस्थापकांमध्ये हिस्से सारखे असोत वा नसोत, ते एकदम न देता चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळतील असे ठरवावे, म्हणजे सहा महिन्यांत कंटाळून गेलेल्या भागीदाराकडे कंपनीचा तिसरा हिस्सा राहत नाही. बाहेरची गुंतवणूक किंवा पब्लिशर (गेम बाजारात आणणारी कंपनी) घेण्याचा विचार असेल तर प्रायव्हेट लिमिटेड कंपनी सोयीची पडते, नाहीतर एलएलपीचा (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीचा) वार्षिक खर्च कमी येतो. हा निर्णय सीएबरोबर एका बैठकीत होतो.

खरी मेख बाहेरून करून घेतलेल्या कामात असते. पगारी कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. फ्रीलान्स चित्रकाराकडून पात्रे काढून घेतली किंवा संगीतकाराकडून धून बनवून घेतली, तर केवळ पैसे दिले म्हणून तिचे सर्व हक्क आपल्याकडे आले असे धरून चालता येत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे मानली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर हस्तांतरण भारतापुरतेच समजले जाते. म्हणजे दोन ओळींच्या ईमेलवर भागवलेला स्टुडिओ जगभर गेम विकत असला, तरी त्यातल्या संगीतावर त्याचा हक्क देशाबाहेर वादात सापडू शकतो. करारात 'संपूर्ण जग' आणि 'कॉपीराइटची पूर्ण मुदत' हे शब्द स्पष्ट घाला. मिळालेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत तर ते संपुष्टात येऊ शकतात, असेही याच कलमात आहे; गेम वर्षानुवर्षे रखडतात, तेव्हा ही अट लागू होणार नाही असेही त्यातच लिहून घ्यावे. एवढे केले की बाकीचा करार दोन पानांत मावतो.

चौथी पायरी: पैसा रुपयांत नव्हे, महिन्यांत मोजा

चार जणांचे दरमहा प्रत्येकी ५०,००० रुपये आणि जागा, वीज, इंटरनेट, उपकरणे यांचे ५०,००० धरले तर महिन्याला अडीच लाख लागतात. दीड वर्षाचे झाले ४५ लाख. आता हेच उलट बाजूने मोजा. गेमची किंमत १० डॉलर ठेवली, तरी स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानाचा ३० टक्के वाटा, परत केलेल्या प्रती, सवलतीत झालेली विक्री, कर आणि देशोदेशीच्या कमी किमती वजा जाता हाती सरासरी ५ डॉलर आले तरी समाधान मानावे. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर केवळ खर्च भरून निघायला साडेदहा हजारांहून अधिक प्रती विकल्या जाव्या लागतात. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा, कारण 'आणखी एक टप्पा वाढवू या' असे कोणी म्हणाले की तो किती प्रतींनी वाढला हे लगेच सांगता येते.

हे पैसे आणायचे कोठून? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचे उदाहरण यासाठी बोलके आहे. राजी: ॲन एन्शन्ट एपिक या गेमसाठी त्यांनी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली, पण ठरवलेली रक्कम जमली नाही आणि मोहीम फसली. मोहिमेसाठी बनवलेला डेमो मात्र वाया गेला नाही. अनरीलच्या अनुदानाचा आणि नंतर पब्लिशरचा आधार मिळून गेम ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेन्डो स्विच या कन्सोलवर (गेम खेळण्याच्या यंत्रावर), ऑक्टोबरमध्ये संगणक आणि इतर कन्सोलवर आला, आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळाले. लोकवर्गणीचा विचार करणाऱ्यांनी यातून एवढे घ्यावे की, खेळता येणारी दहा मिनिटे हातात असतील तर एक दार बंद झाल्यावर तीच घेऊन दुसऱ्या दारी जाता येते. नुसता पन्नास पानी आराखडा कोणी उघडत नाही.

दुसरा मार्ग इतरांची कामे करून देण्याचा. फिनलंडच्या रोव्हिओने २००३ ते २००९ या काळात ५१ गेम बनवले, त्यांतले बरेच दुसऱ्या कंपन्यांसाठी होते. बावन्नावा अँग्री बर्ड्स. मार्ग सुरक्षित असला तरी त्याचे व्यसन लागते. क्लायंटची मुदत नेहमी तातडीची असते आणि स्वतःच्या गेमची कधीच नसते, म्हणून आठवड्यातले दोन पूर्ण दिवस किंवा चमूतली ठरावीक माणसे स्वतःच्या गेमसाठी राखून ठेवावीत.

पाचवी पायरी: दुसऱ्याच्या हातात गेम द्या आणि गप्प बसा

महिन्यातून एकदा गेम कधीही न पाहिलेल्या पाच जणांना बोलवा. शेजारचा सातवीतला मुलगा चालेल, गेम न खेळणारी आत्या तर उत्तमच. फोन त्यांच्या हातात द्या, मागे उभे राहा आणि वहीत फक्त वेळ आणि घडलेली गोष्ट लिहा: '०:४० – दाराऐवजी खिडकीवर बोट', '१:१५ – तीनदा तेच', '२:०५ – फोन खाली ठेवला'. तोंडातून 'अरे, ते दार दाब ना' निघाले की ती चाचणी फुकट गेली. खेळून झाल्यावर 'आवडला का' असे विचारू नका. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून लोक हो म्हणतात. पाचपैकी तीन जण त्याच खिडकीपाशी अडकले तर खिडकीचा रंग बदलायचा असतो, खेळणाऱ्याला समजावायचे नसते.

सहावी पायरी: दुकान लवकर मांडा

स्टीमवर प्रत्येक गेमसाठी १०० डॉलर भरावे लागतात, ते भरल्यापासून ३० दिवस गेम प्रसिद्ध करता येत नाही आणि 'लवकरच येत आहे' असे पान किमान दोन आठवडे आधी लावणे बंधनकारक आहे. ही किमान अट झाली. पान वर्षभर आधी लावावे, कारण विशलिस्टमध्ये गेम टाकून ठेवणारे लोक हेच पहिल्या दिवसाचे गिऱ्हाईक. स्टीम नेक्स्ट फेस्ट या डेमोंच्या उत्सवात एका गेमला एकदाच भाग घेता येतो, तेव्हा अर्धाकच्चा डेमो तिथे खर्ची घालू नका. दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम १४ दिवसांत परत करता येतो, हे लक्षात घेऊन पहिले दोन तास घासूनपुसून घ्या.

अँड्रॉइडसाठी गूगल प्लेवर वैयक्तिक नावाने नवे खाते काढले तर १२ जणांकडून सलग १४ दिवस बंदिस्त चाचणी करून घ्यावी लागते. संस्थेच्या नावाच्या खात्याला ही अट नाही. अमेरिकेतल्या विक्रीवर तिथला कर कापला जातो, पण कराचा फॉर्म भारत-अमेरिका कराराचा उल्लेख करून नीट भरला तर तो ३० ऐवजी १५ टक्के दराने कापला जातो. हा फॉर्म घाईत भरणारे बरेच असतात.

सातवी पायरी: वाढ

पहिला गेम चालला की माणसे घ्यावीशी वाटतात. थांबा. ॲडलेडच्या टीम चेरीने २०१७ मध्ये हॉलो नाइट आणला, त्याच्या दीड कोटीच्या आसपास प्रती खपल्या, तरी सप्टेंबर २०२५ मध्ये सिल्कसाँग आला तेव्हाही स्टुडिओचा गाभा मूठभर माणसांचाच होता. हेलसिंकीच्या सुपरसेलने मोठे होऊनही चमू लहान ठेवले आणि गेम बंद करण्याचा निर्णय त्या त्या चमूवरच सोपवला. त्यांचा स्वतःचा पहिला गेम, गनशाइन, त्यांनी गुंडाळला आणि २०१२ मध्ये हे डे व क्लॅश ऑफ क्लॅन्स आणले. नवा माणूस घेण्यापूर्वी त्याच्या किमान बारा महिन्यांच्या पगाराची रक्कम खात्यात असावी. पहिली नेमणूक बहुधा आणखी एका प्रोग्रामरची होते. मला विचाराल तर ती वेळापत्रक, करारपत्रे आणि खेळणाऱ्यांची पत्रे सांभाळणाऱ्याची असावी, कारण तोवर ही कामे संस्थापक रात्री अकरानंतर करत असतात आणि त्यातूनच चुका होतात.

दुसऱ्या गेमची सुरुवात पहिला बाजारात जाण्यापूर्वीच व्हायला हवी. शेवटच्या चार महिन्यांत कल्पनांवर काम करणाऱ्या दोघांकडे करण्यासारखे फारसे उरत नाही, तर प्रोग्रामर चुका दुरुस्त करण्यात बुडालेले असतात. त्या दोघांना वेगळ्या टेबलावर बसवा, सहा आठवड्यांत तीन प्रोटोटाइप (खेळता येणारे कच्चे नमुने) मागा आणि त्यांतले दोन टाकून द्या.